थंडीत लवकर निजणारी काच

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, कुंभकोणममध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेत बर्फ पडला होता, असं मी सांगतो तेव्हा माझी नातवंडं एकमेकांकडे बघतात. आजोबांचं आता वय झालं, असा त्या बघण्याचा अर्थ असतो. वय झालंच आहे. पण बर्फ पडला होता हेही खरं, आणि तो मीच पाडला होता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. प्राध्यापक फळ्यावर शिकवायचे आणि मी मुलांच्या हाती उपकरणं द्यायचो, ती फुटली की कुणी फोडली ते शोधायचो. पंचविशी नुकती ओलांडली होती, पदवीची शाई ओली होती, आणि जगातलं बरंचसं आपल्याला कळलंय अशी माझी पक्की समजूत होती. घराण्यात शिकलेला मी पहिलाच. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात चाकरीला होते म्हणतात. कसली चाकरी, ते सांगणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदलायचं. घरात आम्ही तीच जुनी मराठी बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ.

माझे वडील, अप्पा, भांडी वाजवायचे. हेच त्यांचं काम. मोठ्या रस्त्यावर तांब्या-पितळेचं एक जुनं दुकान होतं. ओताऱ्यांकडून तिथे कांशाची भांडी आली की अप्पा चटईवर बसत, एकेक भांडं डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरत, उजव्या हाताच्या बोटाने एकदाच टिचकी मारत आणि डोळे मिटून घेत. आवाज पुरता विरेपर्यंत ते श्वासही घेत नसावेत. मग भांडं खाली ठेवत. चांगलं असेल तर उजवीकडे, गोणपाटावर. आत कुठे बारीक चीर असेल, ओतीव कच्चं असेल, तर डावीकडे, उघड्या फरशीवर. तोंडाने काही बोलत नसत. तीस वर्षं त्या दुकानात कुणी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

ही सवय घरीही यायची. तांब्या, पाण्याचा हंडा, कॉफीचा पेला, काहीही हातात आलं की आधी टिचकी. अम्मा वैतागायची, म्हणायची, आधी प्या, मग वाजवा. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी झोपाळ्यावर पडलेला असायचो. डोळा लागता लागता स्वयंपाकघरातून एक बारीक टिंग यायचं आणि लांबत लांबत जायचं. त्यातलं किती कानात असायचं आणि किती झोपेत, ते मला कधीच कळलं नाही. आमचं घर मला आठवतं ते असंच, त्या विरत जाणाऱ्या आवाजात.

मग एका पोंगलला चोळपुरमच्या एका घरात नवं भांडं चुलीवर तडकलं. उतू जाणारं दूध आणि तांदूळ सगळे राखेत गेले. वर्षाच्या पहिल्या सणाला असं झालेलं कुणाला रुचणार? ते लोक भांड्याचे दोन तुकडे घेऊन दुकानात आले. भांडं अप्पांनी उजवीकडे ठेवलेलं होतं. ते का तडकलं, हे आजवर कुणाला ठाऊक नाही. तापल्या कांशावर कुणी गार पाणी ओतलं तरी ते तडकतं. पण दुकानाच्या मालकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांना सगळे मुदलाळी म्हणत, म्हणजे मालकच. माणूस सज्जन होता. त्यांनी अप्पांना एका शब्दाने दुखवलं नाही. एप्रिलमध्ये ते मला देवळाच्या वाटेवर गाठून हळूच म्हणाले की तुम्ही शिकलेले आहात, तुमच्याकडे यंत्रं आहेत, वडिलांचे कान एकदा तपासून बघा. ठीक असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर ते सन्मानाने घरी बसतील. तुम्ही सांगाल ते मी मानीन.

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तीस वर्षं जे अप्पांच्या बोटांवर ठरत होतं, ते आता माझ्या शब्दावर ठरणार होतं. या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

त्याच सुमारास आमच्या प्राध्यापकांनी मद्रासहून काचेच्या दोन कांड्या आणल्या होत्या. हातभर लांब, बोटाएवढ्या जाड, आणि साध्या काचेच्या नव्हेत. निव्वळ शुद्ध गारगोटी वितळवून केलेली ती काच होती. लालभडक तापवून पाण्यात बुडवली तरी तडकत नाही, अशी तिची ख्याती. सुट्टीत या कांड्या थंड करून त्यांचा आवाज कसा बदलतो ते बघा, असं सांगून प्राध्यापक आपल्या गावी निघून गेले. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. कांड्याही तपासू आणि अप्पांचे कानही.

थंडी आणली सोड्याच्या कारखान्यातून. गोळीच्या बाटल्यांत जो वायू भरतात त्याची लोखंडी टाकी दोन हमालांनी आणून दिली. ती उलटी करून तोंडाला जाड कांबळ्याची पिशवी बांधायची आणि चावी सोडायची. फुस्स करून मोठा आवाज होतो, आणि मग पिशवी उघडली तर आत पांढरा भुगा. पाण्याचा बर्फ त्याच्यापुढे कोमट म्हणावा इतका तो गार. ओला होत नाही, वितळत नाही, नुसता धूर होऊन जातो.

अप्पांना मी म्हटलं, या, गंमत दाखवतो. तपासणीचं बोललो नाही. ते धुतलेलं उपरणं घेऊन आले. लेकाच्या कॉलेजात पहिल्यांदाच येत होते. दाराशी चपला काढल्या. मी नको म्हटलं तरी काढल्याच. बाहेर कावेरी कोरडी पडली होती, वाळूवरून झळा येत होत्या आणि इथे जस्ताच्या पन्हळीत मी पांढरा भुगा पसरला होता. त्यातून धूर वर न जाता खाली उतरत होता. टेबलाच्या कडेवरून ओघळून तो फरशीवर पसरला आणि अप्पांच्या अनवाणी पायांभोवती रेंगाळला. ते खाली बघत उभे राहिले. मग त्यांनी ओंजळ करून तो उचलला. ओंजळीत काहीच नव्हतं, नुसता गारवा. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

प्रयोग सोपा होता. एक कांडी रेशमी दोऱ्यांवर बाहेर टांगलेली, दुसरी तशीच पन्हळीत, भुग्याच्या वर. दोन्हींचा सूर आधी एकच. बुचाच्या लहान हातोडीने दोन्ही वाजवल्या की एकच आवाज येई. मग आतली कांडी गार होऊ द्यायची आणि पुन्हा वाजवायच्या. सूर जरासे वेगळे झाले की दोन्ही मिळून आवाज हेलकावे खातो, मोठा, लहान, मोठा, लहान. हेलकावे जितके जलद, तितकं अंतर जास्त. ते मोजणं माझं काम. पण हेलकाव्यांवरून दोन सुरांत फरक किती ते कळतं, वरचा कोणता ते कळत नाही. आणि माझ्या कानाला ते कळत नव्हतं. तेवढ्यासाठी मला अप्पा हवे होते. आणि उत्तर मला आधीच ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. थंडीत वस्तू घट्ट होते, घट्ट झाली की सूर चढतो. पुस्तकात तसंच होतं.

आधी तशाच दोन पितळेच्या कांड्या घेतल्या. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. म्हणाले, थंड पितळ वर चढलं, आणि किती वेळ जागं राहिलं बघ. बरोबर. मी वहीत खूण केली. मग ती काच. दोन्ही कांड्या वाजल्या आणि खोलीभर तो हेलकावणारा आवाज पसरला. पांढरा धूर, उन्हाने तापलेल्या खिडक्या, आणि त्या दोन्हींच्या मधून पाळण्यासारखा येणारा जाणारा सूर. मला वाटलं मी घरी झोपाळ्यावर आहे. हेलकावे मोजताना मी दोनदा चुकलो.

अप्पांनी डोळे उघडले. कपाळाला आठी होती.

"हें खालीं गेलें," ते म्हणाले. "आणि लवकर निजलें. पितळ थंडींत जागें राहतें. हें निजतें."

मी म्हटलं, पुन्हा ऐका. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्यांना पाठमोरं बसवलं. थोडा वेळ गेला आणि ते म्हणाले, खालीं. मी वहीत लिहिलं, पितळ बरोबर, काच चूक, तिन्ही वेळा. खाली एक रेघ मारली. अंदाजाने बोलणारा माणूस तिन्ही वेळा एकाच बाजूला चुकत नाही, तो इकडे तिकडे चुकतो, एवढी साधी गोष्ट माझ्या पदवीधर डोक्यात शिरली नाही. उलट मला वाटलं, बिचारे, कान गेले आणि त्यांना पत्ताही नाही. जाताना ते म्हणाले की असली काच त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. मी हसून मान डोलवली. आजारी माणसाशी बोलताना आपण हसतो तसा.

दुसऱ्या दिवशी मी मुदलाळींना सांगून आलो. कान पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणालो. त्यांनी सुस्कारा सोडला.

अप्पा त्या दुपारी नेहमीपेक्षा लवकर घरी आले. उपरणं खुंटीला लावलं, पाय धुतले आणि अम्माला म्हणाले की मुदलाळींनी विश्रांती घ्यायला सांगितलंय. माझं नाव त्यांनी काढलं नाही. मुदलाळींनी त्यांना माझ्याविषयी काही सांगितलं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अम्माने कॉफी दिली. त्यांनी पेला हातात घेतला, बोट वर गेलं, आणि तसंच खाली आलं. कॉफी पिऊन टाकली.

त्या दिवसापासून आमच्या घरातली टिचकी बंद झाली. दुपारी मी झोपाळ्यावर पडायचो आणि झोप यायची नाही. काहीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहायचं. अम्मा एकदा हंडा घासता घासता म्हणाली, घर बहिरं झालं. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

जूनच्या शेवटी कॉलेज उघडलं आणि कावेरीला पाणी आलं. आधी वाळूत एक ओली रेघ, मग बोटभर पाणी, मग एका सकाळी काठ भरून. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षीप्रमाणे नादकाट्यांचा प्रयोग द्यायला घेतला. दोन काटे वाजवा, हेलकावे मोजा. आता वरचा सूर कुणाचा? तर एका काट्याला मेणाची गोळी लावा. मेण लावलं की तो काटा खाली येतो. हेलकावे मंदावले तर तोच वरचा होता, कारण तो दुसऱ्याच्या जवळ आला. जलद झाले तर खालचा होता. हे मी मुलांना तोंडपाठ सांगत होतो. दोन वर्षं सांगत होतो. गोळी लावण्यासाठी मेण बोटात मळत होतो आणि माझं बोट थांबलं.

मे महिन्यात मी मेण लावलं नव्हतं.

मुलं गेल्यावर मी सोड्याच्या कारखान्यात निरोप धाडला. संध्याकाळपर्यंत पुन्हा पन्हळीत पांढरा भुगा होता. गार कांडी आत, उबदार कांडी बाहेर. वाजवल्या. हेलकावे आले. मग उबदार कांडीच्या टोकाला मेणाची गोळी लावली. ती दोनदा पडली. काच चढली असेल तर आता हेलकावे जलद व्हायला हवेत, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. वाजवल्या. हेलकावे मंदावले. आणखी थोडं मेण लावलं. आणखी मंदावले, इतके की खोलीत एकच लांब सूर उरला. म्हणजे उबदार कांडी वरची होती. गार कांडी खाली गेली होती. मग पितळेच्या जोडीवर, एक गार आणि एक उबदार, तेच करून पाहिलं, तर हेलकावे जलद झाले. पितळ चढतं, ही काच उतरते. अप्पा चारही वेळा बरोबर होते.

मी स्टुलावर बसून राहिलो. फरशीवर धूर पसरला होता, मेमध्ये अप्पा उभे होते त्याच जागी. मला रडू आलं. ते थांबवायचा मी प्रयत्न केला नाही, बघायला कुणी नव्हतं.

पुढे खूप वर्षांनी, निवृत्तीच्या आसपास, मी वाचलं की काच नावाचा पदार्थ थंडीत खरोखरच विचित्र वागतो. अगदी खोल थंडीत, जिथे बाकी सगळं गप्प होतं, तिथेही काचेच्या आतले काही कण स्वस्थ नसतात. वितळलेली काच घाईने गोठते, त्यामुळे त्यांची जागा पक्की ठरलेली नसते. एक इकडची, एक तिकडची, अशा दोन जागांमध्ये ते अडकून असतात. आवाज आतून जातो तेव्हा ते या जागेवरून त्या जागेवर सरकतात आणि त्यातला थोडा आवाज गिळतात. पितळेच्या कणांना रांगेत बसायची शिस्त असते, म्हणून ते थंडीत मोकळे वाजतात. हे सगळं मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या यंत्रांनी शोधलं. मी ते वाचत होतो आणि मला ऐकू येत होतं, हें निजतें.

मेण लावलं त्याच संध्याकाळी अप्पा कावेरीच्या घाटाच्या पायरीवर बसलेले सापडले, पाणी घोट्याला लागेल इतक्या खालच्या पायरीवर. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. तपासणी होती हे, मुदलाळींना काय म्हणालो हे, मेणाची गोळी, सगळं. चूक माझी होती, तुमचे कान शाबूत आहेत, असं दोनदा म्हणालो. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर फार बरं झालं असतं.

ते पाण्याकडे बघत होते.

"मुदलाळींनीं मज सांगितलें, तूंच तपासलेंस म्हणून," ते म्हणाले. "त्या दिवशीं घरीं येतां येतां देवळाची घंटा ऐकली. बरी कीं वाईट, कळेना. तूं शिकलेला. तूं कां लटकें बोलशील? मग मींच माझा कान लटका मानला."

मी त्यांचे पाय धरले. पाय पाण्यामुळे गार होते. ते म्हणाले, ऊठ, लोक बघतात. मग अंधार पडून देवळातली घंटा वाजेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दुकानात घेऊन गेलो. मुदलाळींना तमिळमध्ये सगळं सांगितलं, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. म्हणालो, मी पुस्तकावर विसंबलो आणि यांच्या कानाला खोटं ठरवलं, चुकलो ते मी.  मुदलाळींनी स्वतः उठून चटई अंथरली, उजवीकडे गोणपाट सारखं केलं, आणि आतून कांशाचं एक मोठं भांडं आणून अप्पांपुढे ठेवलं.

अप्पा बसले. भांडं बोटांवर तोललं. टिचकी मारली. आवाज निघाला, दुकानभर फिरला, रस्त्यावर गेला. त्यांनी डोळे मिटले. आवाज अजून विरला नव्हता तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

तीस वर्षांत भांडं वाजवताना त्यांनी कधी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.  मान हलवावी, हसावं, काय वाटेल ते करावं असं झालं. मी काहीच केलं नाही. वळलो आणि त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावरचे आकडे मी वाचत होतो.

मागे पुन्हा टिचकी वाजली. या वेळी आवाज शेवटपर्यंत गेला. तो कुठे संपला आणि कुठे नुसती शांतता सुरू झाली, ते मला सांगता येणार नाही. मी वाट बघत राहिलो. गोणपाटावर ठेवलं तर ऐकू येणार नाही, एवढंच मला कळत होतं.

मग उघड्या फरशीवर कांसं टेकल्याचा ठण्णकन आवाज आला. डावीकडे. मुदलाळींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आतून पुढचं भांडं आणून ठेवलं.